पक्षिसंपन्न देश आणि मालाडचा आडवा छेद

पृथ्वीवर पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आज अस्तित्वात आहेत. पक्षिशास्त्राच्या वेगवेगळ्या संस्था आपापल्या याद्या स्वतंत्रपणे ठेवत असत. त्या एकत्र आणून २०२५ साली ‘अ‍ॅव्हीलिस्ट’ ही सामाईक जागतिक यादी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात ११,१३१ जातींची नोंद आहे. या जाती पृथ्वीवर सारख्या प्रमाणात विखुरलेल्या नाहीत. सर्वाधिक जाती असलेल्या देशांत दक्षिण अमेरिकेचे वर्चस्व निर्विवाद असून कोलंबिया आणि पेरू या दोन्ही देशांच्या याद्या १,९०० च्या आसपास पोहोचतात, तर ब्राझीलचा आकडा कोणती यादी प्रमाण मानावी यानुसार १,८०० पासून १,९७० पर्यंत जातो. त्यांच्यामागे १,७०० हून अधिक जातींचा इंडोनेशिया आणि १,६०० हून अधिक जातींचा इक्वेडोर येतो. बोलिव्हिया, व्हेनेझुएला, चीन आणि भारत हे देश त्यानंतरच्या फळीत मोडतात. भारताची यादी १,३५० हून अधिक जातींची आहे, म्हणजे जगातील दर आठ-नऊ जातींपैकी एक जात भारतात आढळते. आफ्रिकेत काँगो लोकशाही प्रजासत्ताक, केनिया, टांझानिया आणि युगांडा हे देश हजाराच्या पुढे आहेत.

ही क्रमवारी केवळ स्मरणात ठेवण्याजोगी माहिती नव्हे. कोणत्या देशात जाती अधिक का, या प्रश्नाच्या उत्तरात पर्वत, पाऊस, समुद्र, भूगर्भीय इतिहास आणि मानवी वस्ती यांचा परस्परसंबंध उलगडतो. आणि जे नियम अँडीज पर्वतरांगांना लागू पडतात, तेच नियम मुंबईच्या मालाडसारख्या उपनगरातही, अक्सा किनाऱ्यापासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापर्यंतच्या आठ-दहा किलोमीटरांत, स्पष्टपणे पाहता येतात.

प्रथम ‘जात’ म्हणजे काय, हे निश्चित करणे आवश्यक आहे, कारण सगळी मोजदाद त्यावर उभी आहे. अर्न्स्ट मायर या जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली मांडलेल्या व्याख्येनुसार, ज्या प्राण्यांचे गट निसर्गात आपापसात प्रजनन करतात आणि इतर गटांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग राहतात, त्यांना स्वतंत्र जाती मानले जाते. परंतु दोन गट एकमेकांपासून दूर राहत असतील, तर ते एकत्र आल्यावर प्रजनन करतील की नाही, हे ठरवणे अवघड असते. अशा वेळी पिसांचा रंग, आवाज आणि जनुकीय रचना यांतील फरक तपासून निर्णय घ्यावा लागतो, आणि पुरावा वाढला की निर्णयही बदलतो. पश्चिम घाटातील लालभडक छातीच्या व्हिगॉर्स सूर्यपक्ष्याचे वर्णन कर्नल विल्यम साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांवरील आपल्या सूचीत केले. पुढे दीर्घकाळ त्याला हिमालय व आग्नेय आशियातील लाल सूर्यपक्ष्याची उपजात समजले गेले, आणि आता तो पुन्हा स्वतंत्र जात मानला जातो. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर येणाऱ्या एका लहान चिखल्याच्या बाबतीतही असेच घडले असून पूर्वी एकच समजल्या जाणाऱ्या त्या जातीचे अलीकडे तिबेटी आणि सायबेरियन अशा दोन जातींत विभाजन झाले आहे. यावरून एखाद्या देशाचा आकडा पाच-पन्नासने पुढेमागे होतो तो का, आणि पहिल्या क्रमांकावर कोलंबिया की पेरू हा वाद अधूनमधून का उद्भवतो, याचा उलगडा होतो.

दुसरी अडचण यादीत कोणाला धरायचे, ही आहे. देशाच्या यादीत वर्षभर राहणारे निवासी पक्षी, ठरावीक ऋतूत येणारे स्थलांतरित पक्षी, प्रवासात केवळ टेकून जाणारे पक्षी आणि वादळाने किंवा दिशाभूल होऊन एखाद्या वेळी येऊन पडलेले भटके पक्षी, असे सगळेच धरले जातात. त्यामुळे लांबलचक समुद्रकिनारा आणि जागरूक निरीक्षक लाभलेल्या देशाची यादी भटक्या पक्ष्यांच्या नोंदींनी वाढत जाते. म्हणून संख्येबरोबरच प्रदेशनिष्ठ जाती किती, हेही पाहावे लागते. जी जात विशिष्ट प्रदेशाबाहेर जगात कोठेच आढळत नाही, तिला त्या प्रदेशाची प्रदेशनिष्ठ जात म्हणतात. या कसोटीवर इंडोनेशिया जगात अग्रस्थानी येतो, कारण तेथील चारशेहून अधिक जाती अन्यत्र कोठेही नाहीत. ऑस्ट्रेलियाची एकूण यादी भारतापेक्षा लहान असली तरी तिच्यातील फार मोठा वाटा प्रदेशनिष्ठ जातींचा आहे. भारतात मात्र अशा जाती सुमारे ८० आहेत.

मोठा देश म्हणजे अधिक जाती, असा समज स्वाभाविक असला तरी तो अपुरा आहे. इक्वेडोरचे क्षेत्रफळ सुमारे २,८३,००० चौरस किलोमीटर, तर महाराष्ट्राचे ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे तो देश महाराष्ट्राहून लहान आहे. तरीही इक्वेडोरमध्ये १,६०० हून अधिक जाती आणि महाराष्ट्रात साडेपाचशेहून थोड्या अधिक जाती, असा तिपटीचा फरक पडतो. महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्शाएवढ्या कोस्टारिकातही नऊशेच्या आसपास जाती आहेत. उलट रशिया आणि कॅनडा हे क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठे दोन देश असूनही पहिल्या दहांत येत नाहीत.

या फरकामागचे पहिले कारण विषुववृत्ताची जवळीक हे आहे. तेथे वर्षभर ऊन आणि पाऊस असल्यामुळे फुले, फळे आणि कीटक कोणत्याही महिन्यात पूर्णपणे आटत नाहीत, म्हणून केवळ मधावर किंवा केवळ फळांवर जगणारे पक्षीही तेथे टिकू शकतात. फक्त अमेरिका खंडांत आढळणाऱ्या हमिंगबर्ड पक्ष्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, त्या याच कारणाने. दुसरे कारण पर्वतांचे आहे. समुद्रसपाटीपासून हिमशिखरापर्यंत चढत जाताना तापमान, धुके, झाडांची उंची आणि कीटकांचे प्रकार टप्प्याटप्प्याने बदलतात आणि प्रत्येक टप्प्यावर पक्ष्यांचा वेगळा समुदाय राहतो. पेरूमधील मानू राष्ट्रीय उद्यान अ‍ॅमेझॉनच्या सखल अरण्यापासून अँडीजच्या उंच गवताळ प्रदेशापर्यंत पसरले असून त्या एकट्या उद्यानात पक्ष्यांच्या सुमारे १,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. तिसरे कारण अलगतेचे आहे. कोलंबियात अँडीजच्या तीन समांतर रांगा होतात आणि त्यांच्यामध्ये काउका व माग्दालेना या नद्यांची उष्ण खोरी येतात. त्यामुळे एका रांगेवरील थंड, धुक्याच्या जंगलात राहणाऱ्या पक्ष्याला मधले उष्ण खोरे ओलांडणे कठीण जाते, दोन रांगांवरील समूह दीर्घकाळ विभक्त राहतात आणि लाखो वर्षांत त्यांच्यापासून वेगवेगळ्या जाती निर्माण होतात. सांता मार्ताच्या सिएरा नेवादा या कोलंबियातील अलग डोंगरावर वीसहून अधिक जाती केवळ तेथेच आढळतात.

इंडोनेशियात पर्वतरांगांच्या जागी समुद्र हेच काम करतो. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५४ ते १८६२ या काळात मलाय द्वीपसमूहात भ्रमंती करताना पाहिले की, बाली आणि लोंबोक या बेटांमधील सामुद्रधुनी अरुंद असूनही दोन्हीकडील पक्षिसृष्टी भिन्न आहे. बालीत आशियाई वळणाचे तांबट आढळतात, तर लोंबोकमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे काकाकुवा सुरू होतात. मालाडच्या वड-पिंपळांवर भर उन्हात ‘टुक्-टुक्’ करीत बसणाऱ्या तांबटाचा प्रसारही पाकिस्तानपासून जावा-बालीपर्यंत आहे आणि तेथे त्याची सीमा येते. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेली तेव्हाही ही खोल सामुद्रधुनी कोरडी पडली नाही, म्हणून दोन खंडांच्या पक्षिसृष्टी येथे एकमेकींत मिसळल्या नाहीत.

भारताच्या स्थानाचा विचार या पार्श्वभूमीवर करता येतो. भारताचा पक्षिठेवा देशभर सारखा वाटलेला नसून त्याचा मोठा भाग हिमालयात, विशेषतः पूर्व हिमालयात एकवटला आहे. ८३,७४३ चौरस किलोमीटरच्या अरुणाचल प्रदेशात सातशेहून अधिक जाती आढळतात, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढ्या राज्याची यादी महाराष्ट्राच्या यादीहून मोठी आहे. याच राज्यातील ईगलनेस्ट अभयारण्यात पुण्यात काम करणाऱ्या रमण अथरेया या खगोलशास्त्रज्ञाने बुगुन लिओसिक्ला ही नवी जात शोधली आणि २००६ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. या पक्ष्याची संख्या अत्यल्प असल्याने नमुन्यासाठी एकही पक्षी मारला गेला नाही, आणि पिसे, छायाचित्रे व आवाजाच्या नोंदी यांवरच वर्णन आधारले गेले. महाराष्ट्राची परिस्थिती निराळी आहे. राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच, तर इक्वेडोरचे चिंबोराझो ६,२६३ मीटर उंच आहे. येथे पाऊस वर्षातील चार महिन्यांत पडतो आणि सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश लागतो. म्हणून महाराष्ट्राच्या पक्षिसंपदेचा कणा बारमाही वर्षावन हा नाही. सह्याद्री, दख्खनचे माळ, विदर्भाची पानझडी जंगले, तलाव आणि कोकणचा किनारा या भिन्न अधिवासांच्या बेरजेवर ती उभी आहे.

अशी बेरीज शास्त्रीय रीतीने मांडण्याची पद्धत रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी परिस्थितिकी शास्त्रज्ञाने १९६० साली दिली. एखाद्या ठिकाणी, उदाहरणार्थ एका वनखंडात, किती जाती आहेत याला अल्फा विविधता म्हणतात. शेजारच्या दुसऱ्या अधिवासात गेल्यावर जातींचा समुदाय किती बदलतो याला बीटा विविधता म्हणतात. आणि संपूर्ण प्रदेशातील एकूण जातींना गॅमा विविधता म्हणतात. देशांच्या क्रमवारीत दिसतो तो गॅमा विविधतेचा आकडा, परंतु तो वाढवण्यात बीटा विविधतेचा, म्हणजे थोड्या अंतरात अधिवास बदलण्याचा, वाटा फार मोठा असतो. मालाडचा पश्चिमेकडून पूर्वेकडे आडवा छेद घेतला, तर हे तत्त्व प्रत्यक्ष तपासता येते.

या छेदाच्या पश्चिम टोकाला अरबी समुद्र, अक्साची पुळण आणि मढ, एरंगळ, भाटी ही कोळी वस्तीची गावे आहेत. वलांडीवर बोंबील वाळत घातले की घारी, कावळे आणि हिवाळ्यात कुरवही तेथे घिरट्या घालतात. मार्वे आणि मनोरी यांच्यामधील खाडीत ओहोटी लागली की उघड्या पडणाऱ्या चिखलावर पक्ष्यांची अन्नवाटणी अगदी जवळून पाहता येते. लहान चोचीचा चिखल्या चार पावले धावतो, थांबतो, पृष्ठभागावर हललेला जीव डोळ्यांनी हेरतो आणि तोच टिपतो; तुतारी पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली करीत किडे वेचते; शेकाट्या आपल्या लांब लाल पायांमुळे इतरांना न पेलणाऱ्या खोल पाण्यात उतरतो; आणि कुरल आपली दहा-पंधरा सेंटिमीटर लांबीची खाली वळलेली चोच चिखलात खोलवर खुपसून बिळातील खेकडे व किडे ओढून काढतो. चोचीची आणि पायांची लांबी वेगळी असल्यामुळे एकाच चिखलावर अनेक जाती परस्परांच्या घासावर फारसा हात न मारता जगतात. यातील बहुतेक पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरात तिबेट, मध्य आशिया आणि सायबेरियाकडून येतात आणि एप्रिल-मेपर्यंत परततात. ज्या विशाल हवाई वाटेने ते ये-जा करतात, तिला मध्य आशियाई उड्डाणमार्ग असे नाव आहे.

किनाऱ्यामागे मालवणी आणि मालाड खाडीच्या काठाने खारफुटीचा पट्टा लागतो. येथील मुख्य झाड तिवर हे असून खाऱ्या, प्राणवायूरहित चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्याची श्वसनमुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात. या मुळांच्या आसऱ्याने कोळंबी, निवट्या आणि माशांची पिल्ले वाढतात, आणि त्यांच्यावर खंड्या, वंचक, समुद्री बगळा व राखी बगळा जगतात. मुंबईच्या पूर्व बाजूला ठाणे खाडीत हजारोंच्या संख्येने येणाऱ्या रोहित पक्ष्यांमुळे त्या खाडीला २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसर स्थळाचा, दर्जा मिळाला. पश्चिम उपनगरांतील खाड्या तेवढ्या प्रसिद्ध नसल्या तरी स्थलांतरितांच्या वाटेवरील त्यांचे काम त्याच प्रकारचे आहे.

त्यापुढे स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पसरलेली दाट वस्ती येते. छेदातील हा पट्टा सर्वांत रुंद असूनही जातींच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री आहे, कारण येथील पारवा, कावळा, घार, साळुंकी आणि चिमणी याच जाती देशातील बहुतेक शहरांत भेटतात. जुन्या वाड्यांच्या आवारातील आंबा, जांभूळ आणि उंबर जेथे शिल्लक आहेत, तेथे हळद्या, दयाळ, शिंपी, फुलटोचा आणि कोकीळ यांची भर पडते. इमारतींचे क्षेत्र वाढले तरी पक्ष्यांच्या यादीत नवी जात येत नाही. क्षेत्रफळ आणि विविधता यांच्यातील जो विरोध रशिया व इक्वेडोर यांच्या तुलनेत दिसतो, तो येथे एकाच उपनगरात दिसतो.

पूर्वेकडे कुरार आणि आप्पापाड्याच्या वर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात पक्ष्यांच्या अडीचशेहून अधिक जातींची नोंद असून तेथील सर्वोच्च माथा, जांभूळमाळ, ४६८ मीटर उंच आहे. हिवाळ्यात या जंगलात मिश्र थवा हा प्रकार पाहण्यासारखा असतो. भृंगराज, निखार, सुभग, नीलमणी आणि सुतार असे भिन्न जातींचे पक्षी एकत्र फिरतात. प्रत्येक जात झाडाच्या वेगळ्या भागात कीटक शोधते, एकाने उडवलेला कीटक दुसऱ्याच्या वाट्याला येतो, आणि शिक्रा आल्याचा इशारा एकाने दिला की सगळे सावध होतात. व्हिगॉर्स सूर्यपक्षी हा पश्चिम घाटाचा प्रदेशनिष्ठ पक्षीही याच जंगलात आढळतो, म्हणजे जगात केवळ पश्चिम घाटात असलेली एक जात मालाडकरांच्या अगदी शेजारी राहते. मे-जूनमध्ये मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. समुद्री कुरव आणि वनातील नीलमणी या दोन पक्ष्यांमध्ये येथे जेमतेम दहा किलोमीटरांचे अंतर आहे; संपूर्ण मुंबईची यादी साडेतीनशेच्या आसपास जाते, ती अशा अधिवासांच्या शेजारामुळेच.

या प्रदेशाच्या पक्षिनोंदींची परंपराही समृद्ध आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने भारतातील पक्षिअभ्यासाचा पाया घातला, आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली व हुमायून अब्दुलाली यांनी १९३६ पासून त्या संस्थेच्या नियतकालिकात मुंबई आणि साष्टी बेटावरील पक्ष्यांचा तपशीलवार आढावा क्रमशः प्रसिद्ध केला. मालाड हे त्याच साष्टी बेटावर असल्यामुळे उपनगर दाट होण्यापूर्वी येथे काय होते, हे सांगणारा आधार आज हाताशी आहे. मराठीत मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोशा’ने पक्ष्यांची नावे आणि त्यांविषयीचे ज्ञान एकत्र आणून मराठी वाचकाला या विषयाची वाट मोकळी करून दिली.

परंतु यादीचा आकडा मोठा आहे, म्हणजे पक्षी सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. एखाद्या जातीचे शेवटचे काही पक्षी उरले असले तरी देशाच्या यादीत तिचे नाव कायम राहते. गुरांना देण्यात येणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या भारतात ९९ टक्क्यांहून अधिक घटली आणि २००६ साली या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तरी यादीतील आकड्यात त्यामुळे एकाचीही घट झाली नाही. एकेकाळी दख्खनच्या माळांवर दूरवर आढळणारा माळढोक आज महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे, पण तोही यादीत आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा अभ्यास करण्यात आला. त्यांपैकी ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांतील ६० टक्के जातींची संख्या घटलेली आढळली, आणि १७८ जाती संवर्धनासाठी अग्रक्रमाच्या ठरवण्यात आल्या. हा अहवाल सुमारे ३०,००० हौशी आणि अभ्यासू निरीक्षकांनी केलेल्या नोंदींवर उभा आहे, ही त्याची फार मोलाची बाजू आहे.

पर्वत आणि विषुववृत्ताची जवळीक कोणत्याही देशाला मागून मिळत नाही, परंतु आहे ते अधिवास टिकवणे प्रत्येक समाजाच्या हाती असते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने आणि २०१८ साली अंतिम निकालाने राज्यातील खारफुटीच्या तोडीला मज्जाव केला, आणि २०१२ साली राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. या व्यवस्थांचे सामर्थ्य शेवटी नागरिकांच्या जागरूकतेवर अवलंबून आहे. खाडीत भराव पडला तर चिखलावरच्या पक्ष्यांचा अख्खा समुदाय एकदम जातो, आणि त्याची भरपाई जंगलात झाडे लावून होत नाही, कारण कुरल जंगलात राहत नाही. म्हणून मालाडच्या रहिवाशांनी, शाळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी दरवर्षी फेब्रुवारीत होणाऱ्या जागतिक पक्षिगणनेत भाग घ्यावा, पंधरा मिनिटे थांबून आपल्या आवारातील, खाडीकाठचे आणि डोंगरपायथ्याचे पक्षी मोजावेत आणि त्यांच्या नोंदी ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर द्याव्यात. चिखल, तिवर, जुनी झाडे आणि जंगल यांतील प्रत्येक पट्टा टिकला, तरच मालाडची, महाराष्ट्राची आणि भारताची पक्षिसंपन्नता खऱ्या अर्थाने टिकेल.